जुहूचा विमानतळ: सांताक्रूझच्या आधीचा

खाडीकाठ

जुहूच्या विमानतळाबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. माझं निम्मं आयुष्य त्या लांबलचक भिंतीच्या शेजारी गेलं. घरावरून हेलिकॉप्टर गेलं की तावदानं थरथरायची आणि आई हातातलं काम टाकून एकदा वर बघायची. पण भिंतीच्या आत काय घडून गेलंय ते मला चाळिशीनंतर कळलं. चालत दहा मिनिटांवर असलेल्या माझ्या शाळेत कुणी एका वाक्यानेही ते सांगितलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

१९२८ साली 'विलेपार्ले एरोड्रोम' म्हणून हा विमानतळ सुरू झाला. देशातला पहिला नागरी विमानतळ. जुहू मुळात साष्टीच्या पश्चिमेला लागून असलेलं लांबट बेट, आणि मध्ये भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची सपाट जमीन. ती वाळून टणक झाली की तेव्हाची विमानं उतरायला पुरेशी होती. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जे. आर. डी. टाटा तिथे शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना परवाना मिळाला. क्रमांक १.

मग १५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत यायचं. तिथून पुढे ते विमानाने नेऊ, असा प्रस्ताव टाटांनी सरकारपुढे ठेवला होता. सरकारने अनुदान द्यायचं नाकारलं, तरी त्यांनी काम अंगावर घेतलं. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला जे. आर. डी. एकटेच कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ हे छोटं विमान घेऊन निघाले. अहमदाबादला उतरले. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ते टाकीत ओतले, पुन्हा उड्डाण केलं आणि दुपारी दोनच्या आत जुहूच्या त्या चिखलपट्टीवर उतरले. सोबत २५ किलोच्या आसपास टपाल. तेच टपाल घेऊन त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो यापुढचा भाग. पावसाळ्यात भरती आली की विमानतळ पाण्याखाली. काय करणार? दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, असा सगळा संसार उचलून पुण्याला. तिथे येरवडा तुरुंगाच्या छायेत एक मैदान वापरायला मिळालं होतं. पाऊस सरला की परत जुहू. पंढरीची वारी चुकत नाही तशी ही ये-जा. आणि या अशा अवस्थेत पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे १० टन टपाल आणि १५५ प्रवासी वाहून नेले.

सांताक्रूझचा, म्हणजे मुंबईच्या आजच्या मुख्य विमानतळाचा, धाकटा भाऊ असं जुहूला म्हणतात, ते मला पटत नाही. वयाने थोरला जुहूच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने पूर्वेला दोनेक किलोमीटरवर सांताक्रूझचा तळ बांधला, १९४८ मध्ये प्रवासी वाहतूक तिकडे गेली आणि थोरल्याच्या वाट्याला शांतपणा आला. तुमच्याकडे या जागेच्या आठवणी, माहिती, दुरुस्त्या असतील तर इथे लिहा. मला हे एका ठिकाणी गोळा झालेलं हवंय.


वातकुक्कुट

फार चांगला विषय काढलात. मी विमान देखभालीत चौतीस वर्षं काढली, त्यातली काही जुहूला. एक गोष्ट जोडतो, कारण 'चिखलावर विमान कसं उतरत असेल' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

त्या काळच्या बहुतेक मॉथ विमानांना ब्रेक नसायचे. शेपटीखाली चाकही नसायचं. तिथे एक लोखंडी पट्टी असायची, तिला टेल स्किड म्हणतात. विमान टेकलं की ती पट्टी जमिनीत रुतून नांगरासारखी ओढ द्यायची आणि त्या ओढीनेच विमान थांबायचं. म्हणजे गुळगुळीत काँक्रीट असतं तर उलट पंचाईत झाली असती. त्या विमानांना मऊ माती आणि गवतच हवं होतं.

दुसरं, तेव्हा ठरावीक धावपट्टी नसायची. मोकळं मैदान, मध्ये वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी मोजं. ज्या बाजूने वारा, त्या बाजूला तोंड करून उतरायचं. हलक्या विमानाला आडवा वारा सोसत नाही, म्हणून चारी बाजूंनी मोकळी जागा म्हणजे श्रीमंती. आज आपण जिला पडीक दलदल म्हणू, ती १९२८ च्या वैमानिकाच्या दृष्टीने उत्तम जागा होती. शहराजवळ, सपाट, झाडं-घरं नाहीत आणि समुद्राची दिशा कायम डोळ्यांसमोर.

विमानं जड झाली, शेपटीखाली चाक आलं, ब्रेक आले, तेव्हा पक्क्या पट्टीची गरज पडली. वजनाने जमीन निवडली असं म्हणा.


जुनी_पाटी

लेख आवडला. दोन ठिकाणी 'पहिलं' हा शब्द जपून वापरावा असं सुचवतो, नाहीतर लोक अर्धवट उचलतात.

जे. आर. डीं.चा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना. विमान चालवणारे ते पहिले भारतीय मात्र नव्हेत. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक हे ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये लढले. रॉय १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

तसंच टपालाचं. पहिल्यांदा विमानाने टपाल नेण्याचा मान अलाहाबादचा. १८ फेब्रुवारी १९११ ला हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. पण ते प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेलं एकदाचं उड्डाण. जुहूचं मोठेपण वेगळं आहे. तिथे नेमाने चालणारी सेवा रुजली, आठवड्यामागून आठवडा, हवामान कसंही असो. मला तर हे पहिलेपणापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.


खाडीकाठ

दोन्ही दुरुस्त्या मान्य, धन्यवाद. 'नेमाने' हा शब्द अगदी बरोबर पकडलात.


पार्ल्याची_चाळ

माझी आठवण १९७२ ची. सप्टेंबर महिना. सकाळी वडील कामावर निघाले आणि पाच मिनिटांत परत आले. म्हणाले, चल, जुहूला मोठं विमान पडलंय. सायकलच्या दांडीवर बसून मी गेले. 'पडलंय' म्हणजे आम्हाला वाटलं जळून गेलं असेल. बघतो तर अख्खंच्या अख्खं जेट, पट्टी संपून पुढे जाऊन बसलेलं. आमच्या फ्लाइंग क्लबच्या चिमण्यांसारख्या विमानांच्या पलीकडे ते इतकं प्रचंड दिसत होतं की मला ते उभं केलेलं घरच वाटलं. माणसं नुसती बघत होती, कुणी बोलत नव्हतं. आतली सगळी माणसं वाचली हे कळल्यावर वडिलांनी तिथेच हात जोडले.

हे नक्की काय झालं होतं, कुणी सांगेल का? इतकी वर्षं नुसतं चित्रच डोळ्यांपुढे आहे.


वातकुक्कुट

ताई, ते जपान एअरलाइन्सचं डीसी-८. तारीख २४ सप्टेंबर १९७२. लंडनहून टोकियोला अनेक थांबे घेत जाणारं विमान मुंबईला उतरायचं होतं. सांताक्रूझऐवजी ते जुहूवर उतरलं. कुणी दगावलं नाही, थोडेजण जखमी झाले, विमान मात्र कायमचं निकामी झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच कंपनीचं एक डीसी-८ दिल्लीजवळ कोसळलं होतं, त्यात बरेच लोक गेले होते. त्यामुळे तुमच्या वडिलांनी हात जोडले ते किती योग्य होतं बघा.

आता चूक कशी होते ते सांगतो. धावपट्टीला नाव देताना तिची होकायंत्रावरची दिशा घेतात आणि शेवटचं शून्य गाळतात. साधारण ८० अंशांची असेल तर ०८, उलट बाजूने तीच २६. जुहूची मुख्य पट्टी ०८/२६. सांताक्रूझची ०९/२७. म्हणजे दोन्ही जवळजवळ समांतर, पूर्व-पश्चिम. समुद्रावरून पूर्वेला तोंड करून येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच आधी कोणती पट्टी दिसते? जुहूची. दिशा बरोबर, शहर बरोबर, समुद्र मागे, पट्टी समोर. मन 'हीच ती' म्हणून मोकळं होतं. एकदा मनाने ठरवलं की न जुळणाऱ्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत.

जुहूची पट्टी १,१४३ मीटर. आजची सांताक्रूझची मुख्य पट्टी ३ किलोमीटरहून लांब. चार इंजिनांच्या जेटला १,१४३ मीटर म्हणजे मधल्या खोलीत मालगाडी थांबवण्यासारखं.

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, असंच चुकून जुहूवर उतरलं होतं. ते वाचलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडून गेलं. मला त्या उड्डाणाबद्दल फार आदर वाटतो. उतरणं नकळत झालं होतं. परत उडताना मात्र वैमानिकाला पट्टीचा प्रत्येक मीटर माहीत होता.

आता उपकरणं, रडार, नकाशे इतके सुधारलेत की रात्री-अपरात्री मोठं विमान वाट चुकून इथे येण्याची शक्यता फार कमी झाली. पण आम्हाला शिकवताना जुहू हे उदाहरण हमखास असायचं.


पार्ल्याची_चाळ

पन्नास वर्षांनी उत्तर मिळालं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. मनापासून आभार.


तिसरा_मजला

सगळं वाचलं. इतिहास मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कृपया रागावू नका.

आमची इमारत साठच्या दशकातली. तळमजला अधिक तीन. खांबांच्या सळ्या उघड्या पडल्यात, पावसात जिन्यात छत्री धरावी लागते. पुनर्विकासाला बिल्डर येतात, नकाशा बघतात आणि परत जातात. कारण आम्ही फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या वाटेखाली, जिथे उंच बांधता येत नाही. एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल तो हक्क, कागदावर आहे, पण उंची नाही. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, लिफ्ट नाही, त्या दोन वर्षांत चार वेळा खाली उतरल्या. चारही वेळा दवाखान्यासाठी.

सांताक्रूझचं बंधन मी समजू शकते, तिथे लाखो प्रवासी आहेत. पण जुहूसाठी, जिथे नियमित प्रवासी विमानसेवाच नाही, तिथे हजारो कुटुंबांनी असं अडकून का राहायचं? २०१० च्या सुमाराला तर पट्टी रस्त्यावरून पुढे समुद्रात वाढवायची योजना चर्चेत होती. मला ते वाचून झोप लागली नव्हती. वारसा जपायचा तर एक फलक लावा, छोटं संग्रहालय करा. पट्टी चालूच हवी का?


खाडीकाठ

तिसरा_मजला, रागवायचं काहीच कारण नाही. तुम्ही लिहिलंत हे चांगलं झालं. माझ्या मावशीची इमारतही त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे जिन्यातली छत्री मी पाहिलेली आहे.

मला विमानतळ हवा आहे, पण तुमच्या सासूबाईंच्या जिन्याच्या किमतीवर नको. उंची वाढवता येत नसेल तर ते नुकसान भरून देण्याचा दुसरा मार्ग काढणं हे सरकारचं काम आहे. तुमचा हक्काचा एफएसआय दुसरीकडे वापरायला मिळावा ही मागणी रास्त आहे आणि ती विमानतळप्रेमींनीही लावून धरली पाहिजे. 'पट्टी की माणसं' असा सामना लावून दिला तर दोघेही हरतील आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर तुमच्या-माझ्यासाठी काही उभं राहील असं मला वाटत नाही.


वातकुक्कुट

तांत्रिक भर घालतो. धावपट्टीच्या टोकापासून बाहेर एक काल्पनिक उतार चढत जातो, पसरट होत होत. त्या उताराच्या वर काही डोकावू द्यायचं नाही, त्यालाच लोक फनेल म्हणतात. शिवाय विमानतळाभोवती वर्तुळाकार मर्यादा वेगळी. त्या भागात जुहू आणि सांताक्रूझ, दोघांच्या मर्यादा एकमेकींवर पडतात. त्यामुळे जुहू बंद झालं की लगेच सगळ्यांना उंची मिळेल, असं प्रत्येक इमारतीबाबत खरं ठरणार नाही. तुमच्या इमारतीला कोणत्या विमानतळाची मर्यादा आधी लागते, हे रंगीत विभाग नकाशावरून, म्हणजे कुठे किती उंची चालते ते रंगांनी दाखवणाऱ्या नकाशावरून, तपासून घ्या. त्यावर पुढची सगळी लढाई ठरते.


तिसरा_मजला

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत मांडते. काका, अडलं तर पुन्हा विचारेन.


चौदा_दिवस

'पट्टी चालूच हवी का' याला माझ्याकडून उत्तर. मी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तेव्हापासून माणसं नेण्या-आणण्याचा जलद मार्ग म्हणजे हेलिकॉप्टर. पवनहंस ही हेलिकॉप्टर कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः याच कामासाठी, आणि त्यांचा मोठा तळ जुहूला आहे.

लोकांना वाटतं जुहू म्हणजे श्रीमंतांची खासगी हेलिकॉप्टरं. सकाळी येऊन बघा. हातात छोटी बॅग घेतलेले वेल्डर, इलेक्ट्रिशियन, खानसामे, रेडिओ ऑपरेटर. आधी बॅगेचं वजन, मग माणसाचं वजन, कारण हेलिकॉप्टरमध्ये किलोकिलोचा हिशेब असतो. मग जीवरक्षक जाकीट. ते आत फुगवायचं नाही, हे दर वेळी सांगतात. आत फुगवलं आणि केबिनमध्ये पाणी शिरलं तर माणूस छताला चिकटतो, त्याला खाली बुडून खिडकीतून निघता येत नाही.

याचं प्रशिक्षण तरणतलावात होतं. केबिनसारखा सांगाडा पाण्यात उतरवतात आणि उलटा करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, नाहीतर वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही. नाकात पाणी जातं, छातीत धडधडतं, आणि तरी मनात आकडे मोजत थांबायचं. पहिल्यांदा केलं त्या रात्री मी बायकोला फोनवर काहीच सांगितलं नाही.

१३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. सातही जण गेले. त्यानंतरच्या माझ्या फेरीला केबिनमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. परत येताना किनारा दिसतो, मग वाळू, मग ती पट्टी. ती पट्टी दिसली की मी घरी आलो. माझ्यासारखे खूप आहेत. एवढंच.


खाडीकाठ

चौदा_दिवस, याच्यापुढे काय लिहावं सुचत नाही. माझी आई वर बघायची ती तुमच्यासारख्या कुणाकडे बघत असायची, हे आज कळलं.


तिसरा_मजला

मीसुद्धा वाचलं. त्या आवाजाकडे मी नेहमी त्रासाने बघितलं. घराचा प्रश्न माझा तसाच आहे, पण हे मनात राहील. सुखरूप जा-ये करा.


धुळ्याची_हवा

मी शिकाऊ वैमानिक होते, आता परवाना मिळालाय. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नाव वाचून राहवलं नाही. क्लबचं प्रशिक्षण आता मोठ्या प्रमाणात धुळ्याला चालतं. कारण उघड आहे. जुहूच्या डोक्यावर सांताक्रूझचं हवाई क्षेत्र. लहान विमानाला उडायचं, फेऱ्या मारायच्या, पुन्हा पुन्हा उतरायचा सराव करायचा तर मोकळं आकाश लागतं. मुंबईत प्रत्येक वेळी मोठ्या विमानांच्या मधली फट शोधावी लागते. धुळ्यात सकाळी सहाला आकाश तुमचं असतं.

पण जुहूला पहिल्यांदा उतरले तो दिवस विसरणं शक्य नाही. डावीकडे वाळू, खाली इमारतींच्या गच्च्या, त्यावर वाळत घातलेले कपडे स्पष्ट दिसतात. मधोमध अचानक ती रिकामी जागा. पावसाळ्याच्या दिवसांत वारा पश्चिमेचा, म्हणून २६ वर समुद्राकडे तोंड करून उतरायचं. पट्टीपलीकडे रस्ता आणि त्यापलीकडे पाणी. चुकायला जागा नाही हे पोटात कळतं.


जुनी_पाटी

तुमच्यावरून आठवलं. जे. आर. डीं.नी १९३२ चं उड्डाण पुन्हा दोनदा केलं, दोन्ही वेळा लेपर्ड मॉथमधून. १५ ऑक्टोबर १९६२ ला, तीस वर्षं झाली म्हणून, आणि पुन्हा १९८२ ला, पन्नास वर्षांनी. दुसऱ्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. कराची, अहमदाबाद आणि शेवटी जुहू. सांताक्रूझला उतरणं सोयीचं झालं असतं, पण हे उड्डाण जुहूवरच संपायला हवं होतं.

आणि १५ ऑक्टोबर २०२१ ला आरोही पंडित या तरुण वैमानिकेने तोच मार्ग भुजपासून धरला. भुजची धावपट्टी म्हणजे १९७१ च्या युद्धात माधापरच्या बायकांनी दुरुस्त करून दिलेली. तिथून अहमदाबाद, मग जुहू, लहानशा विमानातून, एकटीने. मला ही जोडणी फार सुंदर वाटली.


पार्ल्याची_चाळ

धुळ्याची_हवा, बाळा, तुझा प्रतिसाद नातीला वाचून दाखवला. ती दहावीत आहे. विचारते, वैमानिक व्हायला कोणते विषय घ्यायचे?


धुळ्याची_हवा

आजी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. डोळ्यांची तपासणी आत्ताच करून घ्या, चष्मा असला तरी बहुतेकदा चालतं, पण रंगांधळेपणा नाही ना हे लवकर कळलेलं बरं. आणि तिला एकदा जुहूच्या वाळूत संध्याकाळी घेऊन जा. विमानतळाच्या नेमकं पश्चिमेला उभं राहायचं. हेलिकॉप्टरं अगदी जवळून जातात.


खाडीकाठ

मीही येतो. १५ ऑक्टोबरला दुपारी दोनच्या आधी, म्हणजे टपाल पोचलं त्या वेळेला. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जागा इथेच कळवतो. चौदा_दिवस, तेव्हा तुम्ही घरी असाल की समुद्रात?


चौदा_दिवस

समुद्रात. पण १६ ला सकाळच्या फेरीने परतणार आहे. एक दिवस पुढे ढकलाल का?


खाडीकाठ

ढकलला. १६ ला सकाळी.